दाराचं रबर



मागच्या महिन्यात कुकरच्या रिंगबद्दल लिहिलं, तर हैदराबादहून एका मुलीचा निरोप आला : ‘काका, रबराचा विषय निघालाच आहे तर गाडीच्या दाराच्या रबराबद्दलही लिहा. पावसाळ्यात आमच्या गाडीत पायाखाली पाणी साचतं. गॅरेजवाला दर वेळी रबर बदलून पैसे घेतो आणि पाणी येतंच.’ तिची गाडी दहा वर्षांची आहे, आमची चाळिशी ओलांडलेली. पण पाणी दोन्हींत एकाच रीतीनं शिरतं आणि मे महिन्यात आमच्या अंगणात नेमकं हेच काम चाललं होतं. म्हणून या वेळी तेच.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1984 चं मॉडेल. बाबांनी ती 1991 मध्ये नागपूरहून जुनी घेतली आणि स्वतः चालवत आदिलाबादला आणली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गाडी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात, आणि तीही सिनेमातच पाहिली असेल. मूळ इटलीची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची. ही कंपनी 1944 मध्ये काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमचा जहाजांचा कारखाना यांची सुरुवातही याच माणसाची. पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल मॉडेलला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली आणि 1974 मध्ये तिचंच नाव ‘पद्मिनी’ झालं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हातानं टाकायचा गिअर आणि पुढच्या दारांना ती त्रिकोणी उघडणारी काच. ती काच वाऱ्याकडे वळवली की एसीची आठवण येत नसे, असं बाबा म्हणतात. आदिलाबादच्या मे महिन्यात हे कितपत खरं, ते तुम्हीच ठरवा.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. आमच्यासारख्यांना दुसरीच काळजी पडली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्यासाठी कुणी ना कुणी सुटे भाग बनवत होतं, आणि त्यातलेच आपल्याकडे यायचे. गिऱ्हाईकच गेल्यावर चार दारांच्या रबरासाठी साचा कोण चालू ठेवणार?

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय हे काम इतकं जिवावर घेऊन का केलं ते कळणार नाही. मागच्या पावसाळ्यात डाव्या बाजूची मॅट उचलली तर खाली पाणी. मॅट वाळवून स्क्रूड्रायव्हरनं पत्रा टोचून पाहिला तर पापडासारखा वाजला. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचं शरीर हीच तिची चासी. तळ गेला म्हणजे गाडी गेली. वेल्डिंगवाल्यानं दोन ठिकाणी पॅच मारून दिले आणि बजावलं की पाणी थांबवलं नाही तर दोन पावसाळ्यांत हेही जातील. त्यात पुढच्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्या वेळी गाडी तपासतात. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, ‘दादा, भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा. बाबा आता चालवतही नाहीत.’ त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी घरात ठरलं ते असं : यंदाच्या पावसाळ्यात तळ कोरडा राहिला तर गाडी ठेवायची, पाणी आलं तर दसऱ्याच्या आत द्यायची.

बाबा यावर काही बोलले नाहीत. त्यांचं वय 79. डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालं, तरी दर रविवारी गाडी धुतात आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. त्या रविवारी त्यांनी गाडी धुतली नाही. बादली नळाखाली उलटी तशीच होती.

आईचं कारण वेगळं. तिला धुळीचा त्रास आहे. किनवटमार्गे माहूरला जाताना दाराच्या फटीतून आत येणाऱ्या धुळीनं तिला इतका खोकला आला की परतताना ती म्हणाली, पुढच्या वेळी एसटीनं नेलंत तरी चालेल. (किनवट 1956 पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, अजून सांगतात.)

तर रबर. गॅरेजात याला ‘बीडिंग’ म्हणतात आणि दुकानातही तेच मागावं. बीडिंग का मरतं? जुन्या गाड्यांत या पट्ट्या बहुधा नैसर्गिक रबराच्या किंवा त्याच्या जवळच्या जातीच्या असत. अशा रबराच्या रेणूंच्या साखळीत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे हल्ला करतो. रबर ताणलेलं असेल तर ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक भेगा पडतात. जुन्या सायकलच्या टायरच्या कडेला तुम्ही त्या पाहिल्या असतील. वर आपलं ऊन. आदिलाबादला उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो. रबर वर्षभर फुगतं, आकसतं, कडक होतं. आमची गाडी अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे उजवी बाजू दिवसभर दक्षिणेच्या उन्हात. त्या बाजूचं रबर हातात घेतलं तर चिंचेच्या टरफलासारखं तुटत होतं. डावीकडचं अजून थोडं वाकत होतं.

आणि तरी पाणी डावीकडे येत होतं! ‘रबर बदला, पाणी थांबेल’ असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका, ते यासाठी. आमचे मेकॅनिक चाचा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘साब, रबर बाद में. पहले नीचे के होल देखो.’

कुठल्याही गाडीच्या दाराच्या आत पाणी जातंच. काच खालीवर होते तिथल्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं. गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. पाणी वरून येतं, खालून जातं. ही भोकं बुजली की दाराची टाकी होते. ती भरते आणि आतल्या पुठ्ठ्यामागून पाणी गाडीत सांडतं. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तंतू हवेत उडतात, रस्त्यावर काळी माती. आमच्या डाव्या दारात त्या दोघांनी मिळून घट्ट नमदा केला होता. सायकलच्या स्पोकनं भोक मोकळं केलं तर मागच्या पावसाळ्याचा ओला चिखल मे महिन्यात बाहेर आला.

दुसरी जागा म्हणजे दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद. नव्या गाड्यांत तो असतोच, पण स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना फाडला जातो आणि परत कुणी लावत नाही. हैदराबादच्या त्या मुलीनं आधी हेच पाहावं. आमच्या गाडीत तो कधी होता की नाही देव जाणे, आता तरी नव्हता. जाड पॉलिथिन दाराच्या मापानं कापून चिकटवलं. त्याची खालची कड दाराच्या आत वळवायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दाराच्या पोटातच पडतं आणि भोकांतून जातं. कड बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया.

एवढं झाल्यावर रबराची परीक्षा. तीन तऱ्हा आहेत, तिन्ही करा. रात्री अंधारात एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून दाराच्या कडेनं टॉर्च फिरवायचा. जिथून उजेड दिसतो तिथून धूळ आणि पाणी येणारच. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निसटली तर रबर तिथे दबत नाही, फाटायला आली तर जास्त दबतं. शेवटी पाण्याची नळी. पाणी खालून वर न्यायचं, घाई करायची नाही, एकेका जागी दोन-तीन मिनिटं. वरूनच सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

नळीच्या परीक्षेला आत कोण बसणार, असा प्रश्न आला तेव्हा बाबा चप्पल काढून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. हातात टॉर्च आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. मी बाहेरून नळी धरली, भाचा वहीत लिहून घेत होता. आतून आवाज : ‘थेंब आला. बिजागरीच्या वर, चार बोटं.’ ‘इथे कोरडं.’ ‘आता धार लागली रे!’ तासाभरात चारही दारांचा नकाशा तयार झाला. अकरा जागा निघाल्या, त्यातल्या सात उजव्या बाजूला.

भाचा हैदराबादला इंजिनिअरिंग शिकतो आणि सुट्टीत आला होता. त्याला रबराच्या मापाचं काम दिलं. हे माप फार महत्त्वाचं. दार लावल्यावर दार आणि चौकट यांच्यात प्रत्यक्ष किती फट उरते, ते बाहेरून दिसत नाही. लहान मुलांच्या क्लेनं मोजता येतं. आम्ही आईकडून पोळ्यांची कणीक घेतली, लिंबाएवढे गोळे करून पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, जुनं रबर काढलेल्या चौकटीवर ठिकठिकाणी चिकटवले आणि दार हळू लावून उघडलं. चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमची फट. बिजागरीच्या बाजूला 5-6 मिलिमीटर निघाली, कुलपाच्या बाजूला 8-9, वरच्या मागच्या कोपऱ्यात 11. रबराची पोकळ गोळी दार लावल्यावर साधारण एक तृतीयांश ते निम्मी दबायला हवी. त्याहून कमी दबली तर पाणी येतं, जास्त दबावी लागली तर दार लागत नाही.

वरच्या कोपऱ्यात 11 कसे? ते दार थोडं खाली बसलं होतं. दार अर्धं उघडून टोकाकडून वर उचलून पाहा. हालचाल जाणवली तर बिजागरीची पिन झिजली आहे. ते आधी दुरुस्त करायचं, त्याआधी रबर आणायचंच नाही. चाचांनी पिन बदलल्यावर तो कोपरा 8 वर आला.

आता खरेदी. पहिलं रबर घरबसल्या मागवलं होतं, ‘सगळ्या जुन्या गाड्यांना चालणारं’ म्हणून. आलं ते इतकं जाड की बिजागरीच्या बाजूला बसवलं तर कुलपाकडची बाजू चौकटीला टेकेचना. बिजागरीकडे जाड रबर घातलं की ते पाचरीसारखं काम करतं आणि दार दुसऱ्या टोकाला बाहेर फेकलं जातं. अशा दाराला जोर लावून आपटत राहिलं तर रबर दबायच्या आधी बिजागरी वाकते. ते परत पाठवलं. मग भाच्यानं जुन्या रबराचा वीतभर तुकडा हैदराबादला नेला. नमुना कापताना एक लक्षात ठेवा : तो जिथे सगळ्यांत कमी दबला आहे तिथून, एखाद्या पट्टीखालच्या कोपऱ्यातून घ्या. मधला तुकडा वर्षानुवर्षं चेपलेला असतो, तो दाखवला तर दुकानदार पातळ रबर देतो. राणीगंजच्या तिसऱ्या दुकानात जुळणारं मिळालं, मीटरवर. चार दारांच्या चौकटी सुतळीनं मोजल्या तेव्हा तेरा मीटरच्या आत होत्या, आम्ही पंधरा आणलं. सगळा खर्च एका बऱ्या टायरएवढा आला.

मागताना ‘ईपीडीएम’ मागा. हे कृत्रिम रबर आहे. याच्या मुख्य साखळीत ते दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन आणि ऊन याला सहजासहजी काही करत नाही. आजच्या गाड्यांच्या दारांना बहुतेक हेच असतं. स्पंजाचं असेल तर बंद छिद्रांचं आहे का ते पाहायचं. तुकडा पाण्यात दाबून सोडा आणि बाहेर काढून पिळा. पाणी गळलं तर तो घ्यायचा नाही. खिडकीच्या फटीला लावायची स्वस्त फोमची टेप काही जण दाराला लावतात. माझ्या मते ती रबर नसण्यापेक्षा वाईट. पाणी पिऊन बसते आणि पत्र्याला चिकटून त्याला महिनोन्महिने ओलं ठेवते.

रबर हातात येईपर्यंत आमचे चार दिवस चौकट साफ करण्यात गेले. खरं काम हेच. जुना गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडला, उरलेला कापडाला थोडं पेट्रोल लावून पुसला (रंगावर नाही, आणि आसपास बिडीवाला नको). रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर गोंद धरत नाही. गंज दिसला तिथे तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड, मग रंग, आणि दोन दिवस वाळू द्यायचं. चौकटीची कड जिथे वाकली होती ती चाचांनी मागे लोखंडी ठोकळा धरून हलक्या हातोडीनं सरळ केली. भाच्याला हा सगळा वेळखाऊपणा वाटत होता. ‘मामा, रबराखाली झाकलंच जाणार आहे ना?’ मी म्हटलं, गंजालाही तेच हवं असतं.

बसवायची वेळ सकाळी सहा ते नऊ. दुपारी पत्रा इतका तापतो की गोंद लावता लावता वाळतो आणि हातही भाजतो. आधी गोंदाशिवाय पूर्ण रबर एकदा बसवून पाहायचं, कोपरे कुठे येतात त्या खुणा खडूनं करायच्या. सुरुवात आणि शेवट खालच्या उंबऱ्याच्या मधोमध येईल असं बघायचं. जोड वर ठेवला तर पाणी त्यातूनच उतरतं. गोंद म्हणून आम्ही फेव्हिकॉलचा एसआर 998 वापरला, रबरासाठी चालतो तो. पत्र्याला पातळ थर, रबरालाही पातळ थर, आणि बोट लावलं तर चिकटून येत नाही इतका वाळू द्यायचा. मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून एका वेळी वीतभरच.

आणि ताणायचं नाही. हे दोनदा लिहितो : ताणायचं नाही. मागचं उजवं दार भाच्यानं एकट्यानं केलं. काम अगदी सुबक, कोपरे गुळगुळीत, मी शाबासकीही दिली. तिसऱ्या दिवशी जोडाजवळ बोटभर फट! रबर ताणून चिकटवलं की उन्हात ते आपल्या मूळ लांबीवर परत येतं आणि सगळी ओढ जोडावर येते. कोपऱ्यातही ताणलेलं रबर आतल्या बाजूला उचललं जातं आणि तिथे बोगदा तयार होतो. रबर उलट थोडं खुपसत, जमा करत बसवायचं आणि शेवटी 5-6 मिलिमीटर जास्त ठेवून दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून जोडायची. त्यानं रबर काढून दार पुन्हा केलं, माझी मदत न घेता. दुसऱ्या वेळी त्याला चाळीस मिनिटं लागली, पहिल्या वेळी तीन तास लागले होते.

काही रबरांच्या आत लोखंडी कणा असतो, ती चौकटीच्या कडेवर नुसती दाबून बसवायची असतात. नव्या गाड्यांत बहुधा तसंच. तिथे गोंद लागत नाही. लाकडी किंवा रबरी हातोडीनं अलगद ठोकत जायचं, पण कोपऱ्यात ठोकायचं नाही, अंगठ्यानं बसवायचं. बाकी नियम तेच.

नवं रबर बसलं की दार लागत नाही. घाबरू नका. नव्या रबराला दबायला दिवस लागतात. चौकटीवरचा कुलपाचा खटका स्क्रू ढिले करून एक-दोन मिलिमीटर बाहेर घेतला, दारं रात्रभर बंद ठेवली, आणि आठ-दहा दिवसांनी खटका हळूहळू परत आत आणला. आणखी एक गंमत पाहिली. चारही काचा वर असताना दार परत उसळायचं, एक काच बोटभर खाली केली की लागायचं. आतली हवा बाहेर जायला वाटच उरली नव्हती. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलची हीच ख्याती होती, दार लावायला काच उघडावी लागते म्हणून. भाच्यानं हे आजोबांना सांगितलं, तेव्हापासून बाबा शेजाऱ्यांना ‘आमच्या बंडीत हवासुद्धा शिरत नाही’ म्हणून सांगत सुटले आहेत. (शेजारी तेलुगू. त्यांच्याकडे कुठलीही गाडी ती बंडी. आपल्या वऱ्हाडीत बंडी म्हटलं की बैल शोधावे लागतात.)

नव्या रबराला महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसून टाल्कम पावडर किंवा सिलिकॉन ग्रीस लावायचं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही ईपीडीएमला लावू नका, ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. गॅरेजात ‘चमक येते’ म्हणून ऑइलचा बोळा फिरवतात, त्यांना हात जोडून थांबवा.

मृगात नुसतीच हूल मिळाली. खरा पाऊस आला जूनच्या शेवटी, दोन रात्री आणि एक दिवस. बाबांनी आदल्या संध्याकाळीच मॅट काढून तळावर वर्तमानपत्रं पसरली होती. सकाळी छत्री घेऊन आम्ही दोघं बाहेर गेलो. मागचे दोन्ही कागद कोरडे. पुढचा डावा, ज्याच्यासाठी एवढा उद्योग केला, तोही कोरडा. पुढच्या उजव्या कागदावर मात्र वरच्या कोपऱ्यात चहाच्या बशीएवढा ओला डाग. मी दाराचं रबर चाचपलं, कोरडं होतं. बाबांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि बोटं ओली करून बाहेर काढली. पाणी समोरच्या काचेच्या रबरातून येत होतं.

पुण्याला फोन केला. भाऊ हसला, म्हणाला, ‘हा डाग धरायचा की नाही?’ बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं की करार दारांचा होता. दसऱ्यापर्यंत मोठे पाऊस आणखी चार झाले. दारांतून थेंब आला नाही. उजव्या कोपऱ्यात आम्ही रिकामा डबा ठेवत होतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण लागलं आणि दुसऱ्या दिवशी आई तिच्यातून माहूरला जाऊन आली. किनवटच्या रस्त्यावर तिनं पदर नाकाला लावला नाही. धूळ आली का म्हणून विचारलं तर म्हणाली, आता उकडतंय, काच उघडा.

समोरच्या काचेचं रबर हे दोन माणसांचं काम. रबराच्या खाचेत दोरी घालून काच चौकटीवर धरायची, एकानं बाहेरून दाबायचं आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवायची. थंडीत रबर ताठ असतं, काच तडकायची भीती, म्हणून फेब्रुवारी संपता संपता करू. भाच्यानं येतो म्हणून कळवलं आहे. दोरी मी आणून ठेवली आहे, आणि आत कोण बसणार हे विचारायची गरज पडलेली नाही.